‘चाल’ जाणणारा माणूस : खानदेशातील ख्रिस्ती उपासनागीत आणि गीतनायकाचा प्रश्न

१

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून वापरल्या जाणाऱ्या उपासनागीतांच्या छापील संग्रहांत अनेक पदांच्या माथ्यावर एक लहानशी ओळ असते. पदाची चाल कोणती, राग व ताल कोणता, अथवा ते पाश्चात्त्य वळणाचे गीत असल्यास त्याच्या चरणांची अक्षरसंख्या किती, एवढेच ती ओळ सांगते. वाङ्मयाचा अभ्यासक सहसा ह्या ओळीखालून वाचावयास प्रारंभ करतो. कवीचे नाव, रचनाबंध, प्रतिमा, भक्तीचा प्रकार, भाषांतराची प्रत हे त्याच्या विवेचनाचे विषय असतात. माथ्यावरची ओळ त्याला मुद्रणाची सोय वाटते.

परंतु ही ओळ ज्याला उद्देशून छापली जाते, तो सामान्य वाचक नसतो. चालीचे नाव वाचून चाल कळत नाही; ती आधीच ठाऊक असावी लागते. म्हणजे छापील संहिता आपल्या बाहेरच्या एका माणसाचे अस्तित्व गृहीत धरते. त्याला चाल येते, ती तो इतरांच्या गळ्यात उतरवू शकतो, आणि मंडळी बसली म्हणजे पहिला स्वर तो उचलतो. ह्या माणसाला मराठी ख्रिस्ती व्यवहारात एकच एक नाव नाही. कोठे तो ‘उपासना चालवणारा’, कोठे शाळेचे मास्तर, कोठे पेटी वाजवणारा, कोठे केवळ ‘गाणे उचलणारा’ असतो. प्रस्तुत लेखात सोयीसाठी त्याला गीतनायक म्हटले आहे.

मराठी ख्रिस्ती काव्याचा जो इतिहास उपलब्ध आहे, तो प्रामुख्याने कवींचा इतिहास आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि नारायण वामन टिळक ही त्यातील ठळक नावे. ते स्वाभाविकही आहे, कारण छापील पानावर कवीचे नाव राहते. गीतनायक मात्र कवी नसतो, संगीतकार नसतो, आणि पुष्कळदा पाळकही नसतो. अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली मौखिक महाकाव्याचा जो सिद्धांत मांडला, त्यातही गाणारा हा गाता गाता रचणारा असतो. गीतनायक रचत नाही. दुसऱ्याने रचलेले तो समूहाचे करतो. त्यामुळे लिखित साहित्याच्या आणि मौखिक साहित्याच्या अशा दोन्ही मीमांसांतून तो निसटतो. त्याचे कार्य काय आणि त्याला आधार कोणाचा, ह्या प्रश्नांवाचून उपासनागीताचा इतिहास अपुरा राहतो. खानदेशाच्या संदर्भात तर हा प्रश्न भाषेचाही होतो.

२

गीतनायकाला उपासनेच्या मध्यभागी आणणारी आणि तरीही त्याला पद न देणारी एक परंपरा युरोपात सोळाव्या शतकात घडली. ती ॲनाबॅप्टिस्टांची, म्हणजे पुनर्बाप्तिस्मावाद्यांची. तिचा उल्लेख येथे तुलनेपुरता नाही. ह्याच परंपरेतील एक शाखा पुढे खानदेशाच्या पश्चिम सीमेला येऊन भिडलेली आहे.

ह्या चळवळीचा आरंभ गाण्याच्या बाजूचा नव्हता. झुरिकच्या कॉनराड ग्रेबेल यांनी सप्टेंबर १५२४ मध्ये थॉमस म्युन्त्सर यांना लिहिलेल्या पत्रात उपासनेतील गायनाला विरोध नोंदवला आहे. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकला पहिला प्रौढ-बाप्तिस्मा झाला. १५२७ च्या जानेवारीत फेलिक्स मान्त्स यांना लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. छळाने ह्या लोकांना गाण्याकडे वळवले. १५३५ च्या सुमारास पासाउ येथील किल्ल्याच्या तळघरात कोंडलेल्या ॲनाबॅप्टिस्टांनी रचलेली गीते १५६४ साली छापली गेली. पुढे ‘आउसबुंड’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गीतसंग्रहाचा तोच गाभा होय. अमिश लोक आजही तो वापरतात. मान्त्स यांच्या नावे असलेले एक गीत त्यात आहे, तसेच १५२९ मध्ये देहदंड झालेल्या फ्रायबर्गच्या अ‍ॅनेलाइन ह्या स्त्रीच्या नावेही एक आहे.

‘आउसबुंड’मध्ये स्वरलिपी नाही. प्रत्येक गीताच्या माथ्यावर ते कोणत्या चालीवर म्हणावयाचे एवढेच लिहिलेले असते. आणि त्या चालींत त्या काळच्या लौकिक गाण्यांच्या चालीही आहेत. मराठी पदसंग्रहातील माथ्यावरच्या ओळीची ही सख्खी बहीण म्हणावी लागेल. चाल टिकवण्याचे काम चार शतके माणसांच्या स्मृतीने केले. अमिश उपासनेत ते काम करणाऱ्याला ‘फोरझेंगर’, म्हणजे ‘पुढे गाणारा’, असे म्हणतात. प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर तो एकटा, अनेक स्वरांतून ओढीत गातो. त्यानंतर सर्व मंडळी त्याच्यात मिसळते. पहिली गीते चालू असताना मंडळीचे सेवक विचारविनिमयासाठी दुसऱ्या खोलीत गेलेले असतात. अर्थात उपासनेचा हा आरंभ कोणाही धर्मोपदेशकाच्या उपस्थितीवाचून, एका साध्या शेतकऱ्याच्या आवाजावर उभा राहतो.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. फोरझेंगरला वेतन नाही. तो मंडळीतूनच येतो आणि गीत संपताच मंडळीत विरतो. दुसरे असे की ही समता अपुरी आहे. स्त्रीने रचलेले गीत संग्रहात जाऊ शकते, परंतु अमिश उपासनेत गीत उचलण्याचे काम पुरुषाकडेच असते. रचना करण्याचा अधिकार आणि रचना समूहापुढे उभी करण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत, हे ह्यावरून ध्यानात येते.

समूह अशा माणसाला आधार कसा देतो, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील मेनोनाइटांत सापडते. व्हर्जिनियातील जोसेफ फंक (१७७८–१८६२) ह्यांनी १८३२ साली स्वरलिपीसह एक गीतसंग्रह काढला, गायनशाळा चालवल्या, आणि १८५९ पासून गायनाला वाहिलेले एक नियतकालिकही काढले. गायनशाळेतून बाहेर पडणारा तरुण आपल्या गावच्या मंडळीत गीत उचलू लागे. पुस्तक, शाळा आणि नियतकालिक ह्या तिन्ही आधारांचा रोख एकाच दिशेने होता : गाणे एका तज्ज्ञाच्या हाती न राहता गाऊ शकणाऱ्यांची संख्या वाढावी.

३

मराठी प्रदेशात हेच प्रश्न निराळ्या साधनांनी सोडवले गेले. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगरला कार्य सुरू केले. आरंभीची गीते बहुतांशी भाषांतरित होती आणि ती परक्या चालींवर म्हटली जात. मराठी शब्दाचा स्वाभाविक आघात आणि त्या चालींचा आघात जुळत नसे. १८६० च्या दशकात अहमदनगरच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तनाचा स्वीकार केला. सांगळे यांचे नाव ह्या प्रयोगाशी निगडित आहे. पुढे टिळकांनी (१८६१–१९१९) ओवी, अभंग, पद, आरती ह्या रूपांतून ख्रिस्ती भक्तीला मराठी आवाज दिला.

ह्या स्वीकाराचे वर्णन ‘देशीकरण’ असे केले जाते आणि ते खोटे नाही. परंतु कीर्तन ही एकजिनसी संस्था नाही. नारदीय कीर्तनात कीर्तनकार पुढे, साथीला पेटी-तबला, आणि श्रोते समोर असतात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. साक्या, दिंड्या, कटाव ही सारी वृत्ते एकाच्या कंठात. येथे गाणारा आणि ऐकणारा ह्यांतील अंतर स्पष्ट आहे. वारकरी कीर्तनात व भजनात हे अंतर फार कमी होते. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात, धृपद ते उचलतात, आणि तो श्वास घेतो तेव्हा कीर्तन थांबत नाही. दिंडीत विणेकरी असतो, मृदंगी असतो, टाळकऱ्यांच्या रांगा असतात. एकाने चरण म्हणावा, सर्वांनी धृपद धरावे. खानदेशाला हा प्रकार परका नाही. अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या संस्थानाची पंढरपूरची पायी वारी आणि मुक्ताईनगरची मुक्ताईची पालखी ह्यांतून तो पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर व कानांवर आहे.

ख्रिस्ती कीर्तनाने मुख्यतः नारदीय घाट उचलला. त्याचे कारण त्याच्या प्रयोजनात आहे. त्याचा उद्देश बाजारात, जत्रेत, चौकात जमलेल्या अन्यधर्मीयांना कथा सांगण्याचा होता. तेथे वक्ता आणि श्रोता हे नातेच अभिप्रेत होते. रविवारच्या उपासनेत मात्र मंडळी श्रोता म्हणून आलेली नसते. तिला गावयाचे असते. तेथे नारदीय कीर्तनकार उपयोगी पडत नाही, टाळकरी घडवणारा विणेकरी लागतो. मराठी ख्रिस्ती गीतपरंपरेतील एक अंतर्गत ताण येथे आहे. तिने आपला आदर्श गायक प्रचाराच्या कीर्तनातून घेतला, आणि तिची रोजची गरज भजनाची होती. ‘देशी’ ह्या एका विशेषणाखाली दोन्ही झाकले गेल्यामुळे समीक्षेने हा ताण फारसा पाहिला नाही.

आधाराच्या प्रश्नातही हे दोन घाट वेगळे आहेत. नारदीय कीर्तनकाराला बिदागी असते, आरतीचे ताट असते. वारकरी दंडक कीर्तनाचा मोबदला घेऊ नये असा आहे. व्यवहारात तो नेहमीच पाळला गेला असे नव्हे, पण दंडक म्हणून त्याचे वजन आहे. ह्या विनावेतन परंपरेला शिक्षणाचा आधार मिळावा म्हणून जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग करून ‘देवाच्या दरबारा’ची कल्पना पुढे मांडली. ह्या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, पण दोहोंमागे एकच जाणीव दिसते : भक्तिगीत गाणारा माणूस कोणाच्या अन्नावर उभा आहे, ह्यावर त्याच्या गाण्याचे स्वरूप अवलंबून असते. टिळकांना वेतन सुटल्यानंतर अवघी दोन वर्षे लाभली. जोग महाराजांच्या संस्थेने पिढ्या घडवल्या. एकाचा उपाय व्यक्तीचा होता, दुसऱ्याचा संस्थेचा.

४

खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले; तेच आजचे जळगाव व धुळे, आणि धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. ह्या प्रदेशात अहमदनगरसारखे एका मिशनचे दीर्घ वर्चस्व नव्हते. पूर्वेकडे भुसावळ, चाळीसगाव ह्या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, आणि पश्चिमेकडे धुळे, नंदुरबार, नवापूर ह्या पट्ट्यात स्वीडिश अलायन्स मिशन व फ्रेडरिक फ्रान्सन यांनी स्थापन केलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, अशी विभागणी सर्वसाधारणपणे होती. ही मंडळे वंशाने ॲनाबॅप्टिस्ट नव्हेत. तथापि विश्वासाच्या कबुलीला आणि अ-पुरोहित उपासनेला त्यांच्यात असलेले महत्त्व त्यांना त्या परंपरेच्या जवळ आणते. स्वीडिश मिशनची मुळे ज्या स्मोलंड प्रांतात आहेत, तो लीना सांडेल (१८३२–१९०३) ह्या गीतकर्त्रीचा प्रांत होय. तिची गीते ऑस्कर आन्फेल्ट हा गिटार घेऊन हिंडणारा गायक घरगुती सभांतून गात असे. म्हणजे खानदेशात आलेल्या ह्या मंडळींच्या मागेही, चर्चच्या ऑर्गनपेक्षा माणसाच्या आवाजावर अधिक विसंबणारी एक परंपरा होती.

त्यांच्या हाती जे मराठी गीत आले, ते मात्र अहमदनगर, पुणे, मुंबई येथे घडलेल्या प्रमाण मराठीतले. येथे खानदेशाच्या भाषास्थितीचा विचार अपरिहार्य होतो. १९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या कोवळ्या मुलाला तेथे ‘बालकवी’ ही पदवी मिळाली; टिळकांशी त्याचा स्नेह जुळला आणि पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी त्याचे वास्तव्य घडले. त्याच १९०७ साली ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा जो खंड प्रसिद्ध झाला, त्यात खानदेशी ही मराठीच्या खंडात नसून भिल्ल भाषांच्या समवेत घातलेली आहे. हे वर्गीकरण पुढे वादग्रस्त ठरले, तो वाद येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ते अंतर. कविसंमेलनात ज्या भाषेला मुकुट चढला, ती भाषा आणि जळगाव-धुळ्याच्या वेशीबाहेर घरात, शेतात, लग्नात गायली जाणारी अहिराणी, लेवा, भिली, पावरी, मावची ह्यांच्यात एक पायरी होती. कवी ती पायरी चढून वर जाऊ शकत होता. उपासनेला बसलेल्या मंडळीला मात्र ते गीत पायरी उतरून आपल्यापर्यंत आलेले हवे होते.

हे उतरवण्याचे काम गीतनायकाचे. संस्कृतप्रचुर पदातील शब्द तो म्हणण्यापूर्वी सोडवून सांगतो; ओळ तोडून पुढे देतो; लांब चरण श्वासात बसेल असा दोन ठिकाणी मोडतो; एखादा स्वर गळ्यांना जड जात असेल तर चाल थोडी वाकवतो. अक्षर न येणाऱ्यांच्या मंडळीत तर पुस्तक एकट्या त्याच्याच हातात असते. अमेरिकेत ब्रदरेन लोकांमध्ये, पुस्तके थोडी असताना, पुढच्याने दोन ओळी वाचून द्याव्या आणि सर्वांनी त्या गाव्या अशी पद्धत होती. खानदेशाला ह्यासाठी बाहेरचे उदाहरण घेण्याची गरज नव्हती. झील धरणे हा येथील लोकगायनाचा पायाच आहे. वहीगायनात, आखाजीच्या व कानबाईच्या गाण्यांत एकीने वा एकाने ओळ टाकावी आणि इतरांनी ती झेलावी, हा संकेत लहान मुलालाही ठाऊक असतो. कानबाईची आणि गौराईची गाणी उचलणारे गळे बहुधा स्त्रियांचे आहेत, हेही विसरता येत नाही.

तेव्हा खानदेशातील मंडळीत गीत उचलले जाते त्या वेळी तीन वारसे एकत्र येतात : छापील प्रमाण मराठी पद, मिशनबरोबर आलेली समूहगायनाची अपेक्षा, आणि झील धरण्याचा स्थानिक संकेत. ह्या तिहींचा मेळ कोणत्याही पुस्तकात घातलेला नाही. तो दर रविवारी एका माणसाने घातला. वाङ्मयीन दृष्टीने पाहता ही एक प्रकारची अनुवादक्रिया आहे. तिची संहिता उरत नाही म्हणून ती घडलीच नाही असे मानणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने सदोष होय.

ह्या संदर्भात असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांची गाणी सोपानदेवांनी टिपून ठेवली नसती आणि १९५२ साली ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली नसती, तर मराठी कवितेचा इतिहास त्यांच्यावाचून पूर्ण झाला असे समजला गेला असता. तेथे निदान शब्द टिपता आले. गीतनायकाच्या बाबतीत टिपावयाचे ते शब्दांहून वेगळे आहे : कोणता शब्द त्याने बदलला, कोणती चाल वाकवली, कोठे थांबला.

५

खानदेशाच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या उतरणीवर डांग आहे. १९६० मध्ये तो गुजरातेत गेला; पण त्याची बोली, त्याचा बाजार आणि त्याची सोयरीक नवापूर-पिंपळनेर ह्या बाजूशी जुळलेली राहिली. ह्या डांगात आहव्याला, आणि दक्षिणेस मराठी मुलखात डहाणूला, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात ज्या मिशनने कार्य उभे केले, ते चर्च ऑफ द ब्रदरेनचे. विल्बर व मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन १८९४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि पुढच्या वर्षी वलसाडला स्थिरावले. हे ब्रदरेन म्हणजे १७०८ साली जर्मनीतील श्वार्त्सेनाउ येथे, एडर नदीत आठ जणांनी घेतलेल्या बाप्तिस्म्यातून निघालेली शाखा. ॲनाबॅप्टिस्ट व पायटिस्ट अशा दोन्ही प्रवाहांचा तिच्यात संगम आहे. मराठी प्रदेशात ॲनाबॅप्टिस्ट परंपरेचा प्रत्यक्ष शिरकाव आढळतो तो येथे.

ह्या मंडळीच्या मूळ आचारातील दोन गोष्टी प्रस्तुत प्रश्नाला थेट भिडतात. एक, त्यांचे सेवक मंडळीतूनच निवडले जात आणि विनावेतन काम करीत. दोन, उपासनेत वाद्ये सामान्यतः वर्ज्य होती आणि सारा भर मानवी आवाजावर होता. मिशनच्या भूमीवर दोन्ही गोष्टी पालटल्या. हिंदी ख्रिस्ती शिक्षक व उपदेशक हे बहुधा मिशनचे वेतनदार होते, आणि गीत उचलणे हे मास्तरांच्या अनेक कामांपैकी एक ठरले. वाद्यांविषयीचा संकोचही ह्या भूमीत टिकण्यासारखा नव्हता. पेटी, तबला, टाळ, खंजिरी ह्यांवाचून येथील भजन उभेच राहत नाही. वाद्यांचा प्रवेश ही देशीयतेची बाजू झाली. वेतनाचा प्रवेश मात्र मूळ ॲनाबॅप्टिस्ट कल्पनेपासून आणि वारकरी दंडकापासून सारख्याच अंतरावर होता. दोन्ही परंपरांत जे काम मंडळीने आपल्यातल्या एकावर सोपवावयाचे, ते येथे मंडळीबाहेरच्या तिजोरीने चालवले.

ह्यात कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. दुष्काळ, वेठ आणि निरक्षरता ह्यांनी गांजलेल्या आदिवासी वस्तीत वेतनावाचून मास्तर राहणे अशक्यच होते. परंतु परिणाम नोंदवला पाहिजे. मास्तरांची बदली झाली की गाणे बदलत असे. मास्तर गेले आणि दुसरे आले नाहीत, तर चाल कोणाला ठाऊक, हा प्रश्न उरे. डहाणूच्या वारली समाजात लग्नविधी गाऊन पार पाडणारी धवलेरी असते. डांगात थाळीच्या नादावर रात्रभर कथा गाणारे कथेकरी असतात. ह्या समाजात गीतनायक घडवण्याची व्यवस्था आधीपासून होती आणि ती वेतनावर चालत नव्हती. जुन्या देवतांशी निगडित असल्यामुळे मिशनला ती स्वीकारता आली नाही, हे समजण्यासारखे आहे. पण त्या व्यवस्थेचे तंत्र, म्हणजे एकाच्या मागे बसून झील धरता धरता दुसऱ्याने तयार होणे, हे देवतेहून वेगळे काढता येण्याजोगे होते. जेथे मंडळीने ते नकळत वापरले तेथे गीत रुजले, असे मानण्यास जागा आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा तिच्यात सामील झालेल्या सहा मंडळ्यांपैकी ब्रदरेन ही एक होती. काही गट पुढे त्या ऐक्याबाहेर राहिले व त्यातून दीर्घ न्यायालयीन वाद उद्भवले. ते वाद मालमत्तेचे, घटनेचे व अधिकाराचे होते. परदेशी मिशनांचे मनुष्यबळ व पैसा ओसरत जाण्याच्या त्या काळात गाणे चालवणाऱ्याचे काय, हा प्रश्न कोणत्याही ठरावाचा विषय होण्यासारखा नव्हता. तो गावोगावच्या मंडळ्यांनी आपापल्या शक्तीप्रमाणे सोडवला, किंवा सोडवला नाही.

६

ह्या सर्व विवेचनातून गीतनायकाला ‘आधार’ देणे म्हणजे काय, ह्याचे काही पदर हाती येतात. निव्वळ वेतन हा आधार अपुरा, कारण तो माणसाला मंडळीपेक्षा संस्थेशी बांधतो. निव्वळ पुस्तक अपुरे, कारण पुस्तकातील चालीची ओळ जाणत्यालाच वाचता येते. शिक्षण हा आधार टिकाऊ ठरलेला दिसतो, मग ते फंक यांच्या गायनशाळेतले असो, आळंदीतले असो, वा झीलकऱ्यांच्या रांगेतले. आणि ह्या सर्वांखाली मंडळीची स्वतःची तयारी हा आधार आहे. गीतनायकाची कसोटी त्याच्या आवाजात नसते. तो थांबला असता मंडळी गात राहते की नाही, ह्यात असते.

ही कसोटी आज अधिक निकडीची झाली आहे. अनेक शहरी मंडळ्यांत आता गीताचे शब्द पडद्यावर येतात आणि चाल ध्वनिमुद्रणातून येते. माथ्यावरची ओळ नाहीशी झाली, कारण ती जाणणाऱ्या माणसाची गरज यंत्राने भागवली असे वाटते. ध्वनिक्षेपकावरचा गायक पुन्हा नारदीय कीर्तनकाराच्या जागी उभा राहतो, आणि मंडळी पुन्हा श्रोता होते. शिवाय ध्वनिमुद्रण चाल वाकवत नाही. अहिराणी वा मावची गळ्यासाठी ते ओळ मोडून देत नाही. प्रमाण भाषेची जी पायरी गीतनायक दर रविवारी उतरवत असे, ती तशीच राहते.

वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने येथे एक कर्तव्य शिल्लक आहे. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी बाडे गावोगाव हिंडून जमवली. समर्थ वाग्देवता मंदिरात ती आज अभ्यासकांना पाहता येतात. मठांतून धूळ खात पडलेल्या त्या वह्यांना वाङ्मयाची प्रतिष्ठा त्या संग्रहाने दिली. मंडळीतील जुन्या गायकांच्याही वह्या असतात. त्यांत पदे उतरवलेली असतात, माथ्यावर चालीची खूण असते, कठीण शब्दावर पेन्सिलीने सोपा शब्द लिहिलेला असतो, कोठे नाताळात म्हणावयाचे, कोठे मयताच्या वेळी म्हणावयाचे, अशी टीप असते. प्रमाण संहितेपासून ढळलेले पाठ म्हणून त्यांच्याकडे पाहणे हा आतापर्यंतच्या संहितानिष्ठ समीक्षेचा संस्कार आहे. उपासनागीताच्या बाबतीत हे ढळणे हाच त्याच्या ग्रहणाचा पुरावा होय. ती वही ज्याची, तो माणूस जिवंत असेतो तिच्या माथ्यावरची ओळ वाचता येते. त्याच्यामागे तीत उरतात ते केवळ शब्द.